श्रद्धा गेली, पाप राहिले : देहूरोडच्या २५ डिसेंबरला निघालेला एक प्रश्न

२५ डिसेंबर हा दिवस आपल्याला दोन कारणांनी जवळचा. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली गेली. आणि १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेहून ते नुकतेच परतले होते, मूर्तीही तिथलीच. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळपास दोन वर्षे अवकाश होता. पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्ध आहे हे आपण मांडणार आहोत, असे बाबासाहेब बोलले ते याच सभेत. उरलेल्या जगासाठी अर्थातच तो नाताळ.

आम्ही मारुंजीहून दरवर्षी या दिवशी देहूरोडला जातो. मारुंजी म्हणजे हिंजवडीच्या आयटी पार्कची मागची बाजू. पुढे वीस-बावीस मजल्यांचे टॉवर आणि मागे पत्र्याच्या खोल्यांच्या चाळी. त्या खोल्यांत सिक्युरिटीवाले, हाउसकीपिंगच्या बाया, कॅन्टीनची पोरे आणि कंपनीच्या बसने चाकणला पाळीला जाणारे राहतात. रविवारच्या आमच्या अभ्यासवर्गाला यातलेच पंधरा-वीस जण येतात. एका वर्षी त्यांच्यासोबत एक नवा मुलगा देहूरोडला आला. नगर जिल्ह्यातला, आजोबा-पणजोबा महार, पण घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्याने आम्हाला बाजूला घेऊन जे विचारले, त्यातून हा लेख निघाला आहे.

तो म्हणाला, "ताई, देव नाही हे मला पटलंय. वाचून पटलंय, कोणी सांगून नाही. पण रात्रपाळी करून येताना गाडी घसरली ना, की पहिला विचार येतो, रविवारी चर्चला गेलो नाही म्हणून झालं. हे कधी जाणार?"

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले आहे. धर्मांतरावर बरेच वाचलेही आहे. पण या प्रश्नाला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. कारण तो देव आहे की नाही हे विचारत नव्हता. देव गेल्यावर मागे जे उरते त्याचे काय करायचे, हे विचारत होता.

आपल्या घरांत हा अनुभव नवा नाही. ५६ नंतर लोकांनी देव्हारे नदीत सोडले. खंडोबा, मरीआई, म्हसोबा सगळे पाण्यात गेले. तरीही नातवाच्या अंगावर गोवर उठला की म्हातारीचा हात आपोआप कडुलिंबाच्या डहाळ्याकडे जायचा आणि तोंडातून "आईचा कोप" निघायचे. तिची बुद्धी बौद्ध झाली होती, कोप मात्र अंगात मुरलेला होता. फरक एवढाच की आपली म्हातारी एकटी नव्हती. सगळी वस्ती एका दिवसात बदलली होती, म्हणून तिला हसणारे आणि सावरणारे दोन्ही शेजारी होते. त्या मुलाला दोन्ही नव्हते.

बाबासाहेबांनी हा रोग ओळखला होता. ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीवरचे त्यांचे लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात, १९८९ साली, ते आले. आपल्यातले फार थोडे तो खंड उघडतात. त्यातला एक मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अस्पृश्य हिंदू असतो तेव्हा त्याला सांगितले जाते की तुझी दुर्दशा तुझ्या पूर्वकर्मामुळे आहे. तोच माणूस ख्रिस्ती होतो तेव्हा त्याला सांगितले जाते की मनुष्याचे पतन मूळ पूर्वजांच्या पापामुळे झाले. दोन्हीकडे दोष त्याच्या किंवा त्याच्या पूर्वजांच्या माथी! ज्या समाजरचनेने त्याला गावकुसाबाहेर ठेवले, तिच्यावर बोट दोन्हीकडे ठेवले जात नाही. मग धर्मांतरिताच्या मनात ती रचना बदलण्याची ऊर्मी येणार कुठून? बाबासाहेबांचा आक्षेप येशूवर नव्हता. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती मंडळींपुढे बोलताना, आपल्याला दोन व्यक्तींनी भारून टाकले आहे, एक बुद्ध आणि दुसरा ख्रिस्त, असे ते मोकळेपणाने म्हणाले. पण त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते हेही त्यांनी तोंडावर सुनावले.

मिशनने काही केलेच नाही असे आमचे म्हणणे नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आले. पुढच्या काळात, विशेषतः दुष्काळांच्या वर्षांत, नगर आणि मराठवाड्यातली महार-मांगांची कित्येक कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांना शाळा मिळाल्या, दवाखाने मिळाले. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग समाजाच्या मुलीचा निबंध १८५५ साली छापला तो 'ज्ञानोदय' या मिशनच्याच नियतकालिकाने. वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असे ती चौदा वर्षांची मुलगी विचारते आणि एकट्याने भोगायचा धर्म नष्ट होवो असे म्हणते. ख्रिस्ती घरात वाढून श्रद्धा गमावणाऱ्या आपल्या मित्रांना आम्ही हा निबंध आधी वाचायला देतो. धर्म नसण्याची कळ आपल्याकडे फार जुनी आहे. आपल्याला धर्मापासून आधी बाहेर ठेवले गेले, तो सोडण्याची वेळ नंतर आली.

आता मूळ प्रश्न. ख्रिस्ती संस्कारात वाढलेल्या माणसाची श्रद्धा सुटते, तेव्हा तो जातो कुठे? भारताच्या, आणि थेट पुण्याच्या इतिहासात याची तीन मोठी उदाहरणे आहेत. तिघेही इंग्रज. तिघेही भारतात आले. आणि तिघांची वाट वेगळी.

पहिल्या ॲनी बेझंट. जन्म १८४७, लंडन. विसाव्या वर्षी फ्रँक बेझंट या अँग्लिकन पाद्र्याशी लग्न. १८७१ साली तान्ह्या मुलीला डांग्या खोकला झाला, तिचे हाल बघताना या बाईच्या मनात प्रश्न उभा राहिला की दयाळू देव हे कसे होऊ देतो. पाद्र्याची बायको असून तिने चर्चमध्ये प्रभुभोजन घेणे थांबवले. १८७३ साली संसार मोडला. पुढे चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यासोबत ती उघड नास्तिक प्रचारक झाली आणि नास्तिक आई म्हणून कोर्टाने मुलीचा ताबाही तिच्याकडून काढून घेतला. श्रद्धा सोडण्याची एवढी किंमत मोजणारी बाई! वाचताना आम्हाला आदरच वाटला.

पण पुढे काय? १८८९ साली त्या मॅडम ब्लाव्हॅट्स्कींच्या थिऑसफीत गेल्या, १८९३ साली भारतात आल्या, काशीला सेंट्रल हिंदू कॉलेज काढले. आणि १९०९ साली 'इंडियन रिव्ह्यू' मासिकात त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणावर लेख लिहिला. अस्पृश्यांच्या मुलांना उच्चवर्णीय मुलांच्या शाळेत एकत्र बसवू नये, त्यांच्या शरीराला पिढ्यान्पिढ्यांच्या अन्नाचा आणि राहणीचा वास असतो, आधी त्यांना वेगळ्या शाळेत स्वच्छता शिकवावी, असा त्याचा आशय. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात हा लेख विस्ताराने उद्धृत केला आहे. कारण १९१७ साली काँग्रेसने अस्पृश्यांच्या बाजूचा ठराव केला तेव्हा अध्यक्षपदी याच बाई होत्या.

म्हणजे बघा, बायबलमधल्या देवाला नकार देण्याची हिंमत असलेली व्यक्ती पूर्वजन्म आणि कर्माच्या सिद्धांतापुढे मान तुकवते. लंडनच्या कामगार वस्त्यांत काम केलेली बाई काशीला येऊन वास मोजू लागते. श्रद्धा सुटणे म्हणजे आपोआप समतावादी होणे, असे मानणाऱ्या आमच्या निरीश्वरवादी मित्रांना हे उदाहरण आम्ही मुद्दाम सांगतो.

दुसरे व्हेरियर एल्विन. यांचा संबंध थेट पुण्याशी. जन्म १९०२, वडील बिशप, घर कडवे इव्हँजेलिकल. ऑक्सफर्डला शिकून, पाद्री होऊन, १९२७ साली ते पुण्याला ख्रिस्त सेवा संघात आले. हा संघ जॅक विन्स्लो यांनी काढला होता. खादी नेसून, भारतीय पद्धतीने राहून ख्रिस्ताची सेवा करावी असा त्याचा विचार. इथे एल्विन गांधींच्या प्रभावात आले, इंग्रज सरकारविरुद्ध लिहू-बोलू लागले. १९३२ साली ते मध्य प्रांतातल्या करंजिया या गोंडांच्या गावात गेले. सोबत होते शामराव हिवाळे, मराठी ख्रिस्ती घरातले तरुण. नागपूरचे बिशप त्यांना परवाना देईनात, एल्विन राजनिष्ठेची शपथ घेईनात. १९३५ साली त्यांनी चर्चच सोडले. त्यांची श्रद्धा वादविवादात हरून गेली नाही. गोंडांत राहता राहता ती झिजत गेली. ज्यांना प्रभूकडे आणायला गेलो, ते आपल्यापेक्षा सुखी आणि निष्पाप आहेत असे वाटू लागल्यावर पाद्र्याचे काम उरते काय?

एल्विन यांनी बैगा आणि मुरिया आदिवासींवर मोठे ग्रंथ लिहिले. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला एल्विन विरुद्ध घुर्ये हा वाद शिकवला गेला : घुर्ये आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हणत होते, एल्विन त्यांना हिंदू समाजापासून जपायचे म्हणत होते. परीक्षेत दोघांना निम्मे-निम्मे गुण देऊन आम्ही मोकळे झालो. पण वर्गात न शिकवलेली एक गोष्ट आहे. १९४० साली एल्विन यांनी कोसी या त्यांच्याहून कितीतरी लहान गोंड मुलीशी लग्न केले आणि दहा वर्षांच्या आत ते मोडले. एल्विन पुढे नेफाचे सल्लागार झाले, सन्मान मिळाले. कोसी गरिबीत राहिली. पापाच्या कल्पनेतून सुटलेल्या माणसाचे स्वातंत्र्य कोणाच्या अंगावर पडते, हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे. पाप नाकारायचे म्हणजे जबाबदारी नाकारायची असे नव्हे. बुद्धाने पंचशील दिले ते यासाठीच.

तिसरे डेनिस लिंगवुड, म्हणजे उर्गेन संघरक्षित. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या आपल्या लोकांना हे नाव दापोडीमुळे माहीत आहे. जन्म १९२५, दक्षिण लंडनमधले टूटिंग. आठव्या वर्षी हृदयविकाराचे निदान झाले आणि दोनेक वर्षे अंथरुणात गेली, त्यात मिळेल ते वाचले. चौदाव्या वर्षी हाती पडला ब्लाव्हॅट्स्कींचा 'आयसिस अनव्हेल्ड'. तो वाचून कळले की आपण ख्रिस्ती नाही. हे वाचल्यावर आम्ही थबकलो. ज्या बाईच्या पुस्तकांनी बेझंटना वर्णव्यवस्थेच्या दारात नेले, तिच्याच पुस्तकाने या मुलाला मोकळे केले. पुढे वज्रच्छेदिका सूत्र वाचून त्याला कळले की आपण बौद्ध आहोत, आणि कदाचित नेहमीच होतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून तो भारतात आला, युद्धानंतर कागदपत्रे जाळून फकिरासारखा फिरला. १९४९ साली कुशीनगरला त्याला श्रामणेर दीक्षा मिळाली ती भदन्त चंद्रमणींकडून. होय, तेच चंद्रमणी महास्थवीर, ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले.

संघरक्षित बाबासाहेबांना भेटले होते. ६ डिसेंबर १९५६ ला ते योगायोगाने नागपुरात पोहोचले आणि महापरिनिर्वाणाची बातमी आली. रडणाऱ्या लाखभर लोकांपुढे त्या संध्याकाळी ते उभे राहिले, आणि पुढचे चार दिवस वस्त्यावस्त्यांत सभांमागून सभा घेतल्या. १९६७ साली लंडनला त्यांनी संघ काढला. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७७ साली अय्यंगारांकडे योग शिकायला पुण्याकडे निघाले आणि वाटेत नागपूरच्या धम्मदीक्षा वर्धापनदिनाची गर्दी बघून चक्रावले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यात कायमचेच आले. त्रैलोक्य बौद्ध महासंघाचे महाराष्ट्रातले काम असे उभे राहिले. श्रद्धा गमावलेली ख्रिस्ती घरांतली इंग्रज पोरे आणि दापोडीच्या झोपडपट्टीतली आपली पोरे एका सतरंजीवर बसली.

त्या मुलाच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर आम्हाला सापडले ते संघरक्षितांच्या एका छोट्या पुस्तिकेत, 'बुद्धिझम अँड ब्लास्फेमी', १९७८. आदल्या वर्षी लंडनमध्ये 'गे न्यूज' या पत्राच्या संपादकाला, येशूवरची एक कविता छापली म्हणून, ईश्वरनिंदेच्या गुन्ह्यात दोषी ठरवले गेले होते. संघरक्षितांचे म्हणणे थोडक्यात असे. बौद्ध धम्मात ईश्वरनिंदा हा गुन्हाच असू शकत नाही. ब्रह्मजाल सुत्तात बुद्ध भिक्खूंना सांगतात की माझी, धम्माची किंवा संघाची कोणी निंदा केली तर रागावू नका, ती खरी की खोटी ते तपासा. पण ख्रिस्ती संस्कारात वाढलेल्याचे प्रकरण वेगळे. त्याची बुद्धी देव नाकारते, पण लहानपणी रुजवलेली भीती आणि अपराधीपण बुद्धीच्या खाली दबून बसते. अशा माणसाने कधीतरी त्या देवाला तोंडाने, मोठ्याने, उघड नाकारणे, प्रसंगी त्याची निंदा करणे, हे त्याच्यासाठी औषध आहे.

हे वाचताना आम्हाला एकदम बावीस प्रतिज्ञा आठवल्या. "बौद्ध होताना ब्रह्मा-विष्णू-महेश मानणार नाही असे नकारात्मक का म्हणायचे? हा द्वेष नाही का?" हा प्रश्न आपल्याला सतत विचारला जातो. २०२२ साली दिल्लीत या प्रतिज्ञा म्हटल्या गेलेल्या कार्यक्रमात हजर राहिले म्हणून राजेंद्र पाल गौतम यांना मंत्रिपद सोडावे लागले. त्याचे उत्तर संघरक्षितांच्या पुस्तिकेत अनपेक्षितपणे मिळते. ज्या देवाच्या भीतीने हजारो वर्षे वाकवले, त्याचे नाव घेऊन, उभे राहून, 'नाही' म्हटल्याशिवाय ती भीती अंगातून निघत नाही. बाबासाहेबांना हे लंडनच्या पुस्तिकेच्या बावीस वर्षे आधी कळले होते.

पण इथे आम्ही संघरक्षितांशी एका मर्यादेपलीकडे जात नाही. इंग्लंडमध्ये चर्च म्हणजे राजसत्ता. तेव्हा राणीच चर्चची प्रमुख होती, आणि ईश्वरनिंदेचा गुन्हा तिथे २००८ पर्यंत जिवंत होता. तिथे देवाला शिवी देणे म्हणजे सत्तेला शिवी देणे. आपल्या नगर जिल्ह्यातल्या पत्र्याच्या चर्चमधला देव कोणत्या सत्तेवर बसला आहे? तिथे प्रार्थनेला बसलेली माणसे आपल्याच रक्ताची, आणि 'धर्मांतराचा धंदा' म्हणून त्यांच्या अंगावर जाणारे जमाव आपल्या परिचयाचे आहेत. श्रद्धा सुटलेल्या पोराला चर्चविरुद्ध बोलायला शिकवून त्याला त्या जमावाच्या हातातला दगड करणे हा धम्म नव्हे. त्याची भीती त्याच्या मनातून काढायची आहे. त्याच्या आईला त्यासाठी रस्त्यावर आणायचे नाही.

संघरक्षितांबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे, कारण आपण व्यक्तिपूजेविरुद्ध बोलतो. त्यांच्या लैंगिक वर्तनाबद्दल त्यांच्याच संघातल्या लोकांनी गंभीर तक्रारी केल्या, आणि २०१६ च्या अखेरीस त्यांनी स्वतः जाहीर दिलगिरी व्यक्त केली. दोन वर्षांनी ते गेले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मोक्षदाता आणि मार्गदाता असा भेद केला आहे. बुद्धाने स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे. पापातून सोडवणारा येशू सोडून कोणी चीवर घातलेला मोक्षदाता शोधू लागला, तर तो होता तिथेच राहिला.

आता कागदाचा प्रश्न, कारण आपल्या पोरांच्या आयुष्यात श्रद्धा आणि दाखला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद हिंदूंखेरीज इतरांना अनुसूचित जातीत धरत नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. म्हणून कित्येक घरांत दाखल्यावर हिंदू महार आणि रविवारी चर्च, अशी दुहेरी जिंदगी चालते, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात अशा दाव्याला संविधानाची फसवणूक म्हटले. त्याआधी, २०१५ च्या के. पी. मनू निकालात, ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मून हिंदू धर्मात परतणाऱ्यासाठी तीन कसोट्या सांगितल्या गेल्या : पूर्वजांची जात सिद्ध हवी, परत येणे खरे हवे, आणि त्या समाजाने त्याला स्वीकारल्याचा पुरावा हवा.

ती तिसरी कसोटी न्यायालयाची आहे, पण तिच्याकडे बघून आम्हाला आपली लाज वाटते. ख्रिस्ती घरातून आलेल्याला आपल्या विहारात आपण कसे वागवतो? "मिशनचे पैसे खाऊन झाले, आता आरक्षणाला आला" असे आमच्याच वर्गात एकाने त्या मुलाच्या माघारी म्हटले. त्याच दिवशी त्याच तोंडाने जातिअंताच्या घोषणा दिल्या होत्या. त्याला आम्ही झापले, आणि नंतर स्वतःलाही विचारले की हा मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा आमच्याही मनात ही शंका आली होती की नाही. आली होती.

दीक्षेची घाई आम्ही केली नाही. बाबासाहेबांनी येवल्याची घोषणा १९३५ ला केली आणि दीक्षा १९५६ ला घेतली. एकवीस वर्षे त्या माणसाने धर्म तपासले. या मुलाला एकवीस आठवडे तरी द्यावेत.

देहूरोडच्या त्या दुपारी त्याने स्टॉलवरून बावीस प्रतिज्ञांची दोन रुपयांची पुस्तिका घेतली. पहिल्या तीन प्रतिज्ञा त्याने भरभर वाचल्या. त्यातल्या राम-कृष्ण, गौरी-गणपतीशी त्याचा काही संबंध नव्हता, ते देव त्याच्या घरात कधी नव्हतेच. चौथीवर त्याचे बोट थांबले. देवाने जन्म घेतला, अवतार घेतला, हे मी मानत नाही, अशी ती प्रतिज्ञा. तारीख होती २५ डिसेंबर. त्याने ती ओळ दोनदा वाचली, आमच्याकडे बघितले, आणि पुस्तिका मिटून खिशात ठेवली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आईचा होता. मागे भीमगीते लागलेली, त्यामुळे तो मोठ्याने बोलत होता.

"देहूरोडला आलोय, आई."

ती काहीतरी म्हणाली.

"हो, आहे ना. इथं चर्च आहे," तो म्हणाला. देहूरोडला चर्च आहेच, तो खोटे बोलला नव्हता. "संध्याकाळी येतो. केक ठेव माझ्यासाठी."